समुद्रातलं प्लास्टिक: सफाई आणि रिसायकलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनारा-सफाईच्या निमित्ताने हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी मांडली आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे गेला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. समुद्रात एवढं प्लास्टिक येतं कुठून? फिरायला आलेले लोक टाकतात तेच ना?

तेही असतंच, पण ते डोळ्यासमोर पडलेलं असल्यामुळे त्याचा वाटा आहे त्याहून मोठा वाटतो. मुख्य वाट नाल्यांची आणि नद्यांची आहे. जिथे कचरा नियमित उचलला जात नाही, किंवा उचलून उघड्या ढिगावर ओतला जातो, तिथून वारा आणि पाऊस तो नाल्यात नेऊन टाकतात. पुढचं काम उतार करतो. किनाऱ्याजवळच्या शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्या यात फार मोठा वाटा उचलतात. नावाजलेल्या महानद्यांकडेच बोट दाखवण्याची सवय त्यामुळे सोडावी लागते.

दुसरी वाट मासेमारीची: तुटलेली जाळी, दोर, तरंगते गोळे, सापळे. तिसरी म्हणजे जहाजांवरून पडलेला माल. १९९२ साली प्रशांत महासागरात एका मालवाहू जहाजावरून कंटेनर पडले आणि त्यातली २८,८०० प्लास्टिकची खेळणी (पिवळी बदकं, हिरवे बेडूक वगैरे) पाण्यात गेली. ती पुढे अनेक वर्षं निरनिराळ्या किनाऱ्यांना लागत राहिली आणि त्यावरून शास्त्रज्ञांनी सागरी प्रवाहांचा अभ्यासही केला. जहाजावरून जाणूनबुजून प्लास्टिक फेकायला मात्र जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार १९८८ च्या अखेरीपासून पूर्ण बंदी आहे.

२. वर्षाला नेमकं किती प्लास्टिक समुद्रात जातं? दर ठिकाणी वेगळा आकडा वाचायला मिळतो.

कारण प्रत्येकाने मोजलेली गोष्ट वेगळी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने १९२ किनारी देशांचा हिशेब मांडला. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आतल्या, नीट न हाताळलेल्या कचऱ्यापैकी २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन समुद्रात गेला असावा, असं त्यात म्हटलं होतं. 'दरवर्षी ८० लाख टन' हा सगळीकडे फिरणारा आकडा त्यातूनच आला. २०२१ च्या दुसऱ्या अभ्यासाने फक्त नद्यांमधून जाणारा कचरा धरला आणि अंदाज आला ८ ते २७ लाख टन.

'२०५० पर्यंत समुद्रात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त होईल' हे वाक्यही बरेच जण पाठवतात. आम्ही ते वापरत नाही. समुद्रात एकूण मासे किती वजनाचे, हा अंदाज कच्चा, आणि पुढच्या काही दशकांत प्लास्टिक किती जाईल, हाही. दोन कच्च्या अंदाजांची तुलना करून पक्कं विधान होत नाही.

३. पॅसिफिकमधलं 'प्लास्टिकचं बेट' खरंच आहे का? त्यावर चालता येतं का?

बेट नाही आणि चालता तर मुळीच येत नाही. जहाजातून गेलात तर बराच वेळ निळं पाणीच दिसेल, मग एखादा डबा, दोराचं भेंडोळं, एखादा तुकडा. हवाई आणि कॅलिफोर्निया यांच्या दरम्यान वर्तुळाकार प्रवाह तरंगता कचरा गोळा करत राहतात, त्या पट्ट्याला हे नाव पडलं. १९९७ मध्ये चार्ल्स मूर नावाचा नाविक तिथून गेला आणि त्याने तिथल्या कचऱ्याकडे जगाचं लक्ष वेधलं.

२०१८ च्या मोजणीनुसार तो पट्टा सुमारे १६ लाख चौरस किलोमीटरचा आहे आणि त्यात अंदाजे ७९,००० टन प्लास्टिक आहे. तुकड्यांच्या संख्येत ९४ टक्के मायक्रोप्लास्टिक (५ मिलिमीटरहून लहान), पण वजनात त्याचा वाटा जेमतेम ८ टक्के. वजनाचा ४६ टक्के भाग एकट्या जाळ्यांचा. म्हणजे 'स्ट्रॉ आणि पिशव्यांचं बेट' हे चित्रही चुकीचंच. प्रश्न १ मध्ये म्हटल्याप्रमाणे किनाऱ्याजवळ नद्यांचा कचरा जास्त असतो. खुल्या समुद्राच्या मध्यावर मासेमारीचा.

४. बाटली विघटित व्हायला ४५० वर्षं लागतात, हे खरं का?

हे कुणी पाहिलेलं नाही. पेट या प्लास्टिकच्या बाटलीचं पेटंटच १९७३ सालचं आहे. ४५०, ५००, १००० असे आकडे गणिती अंदाज आहेत आणि परिस्थितीप्रमाणे ते पार बदलतात. तापलेल्या वाळूत उन्हात पडलेली पिशवी लवकर ठिसूळ होते, तीच थंड, अंधाऱ्या तळाशी जवळजवळ तशीच राहते. प्रश्न ३ मधल्या पट्ट्यात ज्या वस्तूंवर निर्मितीची तारीख वाचता आली, त्यातली सगळ्यांत जुनी १९७७ ची होती. आणि 'विघटन' म्हणताना आपल्या मनात नाहीसं होणं असतं, प्रत्यक्षात बहुतेक वेळा बारीक होणं घडतं.

५. मग सगळी ताकद लावून खोल समुद्रातच सफाई का करत नाहीत?

करतात. बोयान स्लाट या डच तरुणाने २०१३ मध्ये स्थापन केलेली 'द ओशन क्लीनअप' ही संस्था तेच करते. तिची पहिली यंत्रणा २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाली. तिच्यात प्लास्टिक टिकून राहीना, शेवटी तिचा एक भाग तुटला आणि ती परत आणावी लागली. २०२१ पासूनची रचना मात्र चालते. दोन जहाजं मिळून एक लांबलचक अडथळा संथ गतीने ओढतात आणि मधल्या पिशवीत कचरा साठतो. तिसऱ्या पिढीच्या यंत्रणेत हा अडथळा दोन किलोमीटरहून लांब आहे.

आक्षेप तीन आहेत. जहाजांचं इंधन जळतं. पृष्ठभागावर तरंगणारे जीव, म्हणजे निळ्या शिडाचे वेलेला, जांभळ्या गोगलगायी, त्याच प्रवाहांनी त्याच जागी गोळा होतात, त्यामुळे तेही पिशवीत जाण्याची भीती असते. तिसरा आक्षेप आम्हाला सगळ्यांत वजनदार वाटतो: २०१४ च्या एका अंदाजानुसार जगातल्या सगळ्या समुद्रांच्या पृष्ठभागावर मिळून सुमारे २ लाख ६९ हजार टन प्लास्टिक तरंगत होतं. प्रश्न २ मधल्या वार्षिक आकड्यांशी ताडून पाहा. बाकीचं किनाऱ्यांवर, मधल्या पाण्यात आणि तळाशी आहे. मारियाना गर्तेत १०,८९८ मीटर खोलीवर पिशवी दिसली आहे. पृष्ठभाग चाळणारं यंत्र तिथवर पोचणार नाही.

तरीही मोठी जाळी काढणं वाया नाही. आज काढलेलं एक जाळं म्हणजे उद्याचे टळलेले कोट्यवधी बारीक तुकडे, आणि ते तुकडे नंतर कुणालाच काढता येत नाहीत (प्रश्न १४).

६. नदीच्या मुखाशीच अडवलं तर?

आमचं मत विचाराल तर पैसा आधी इथे घालावा. २०२१ च्या ज्या अभ्यासाचा उल्लेख वर आला, त्यानुसार नद्यांवाटे जाणाऱ्या प्लास्टिकचा ८० टक्के वाटा हजारावर नद्या मिळून उचलतात. त्याआधी 'फक्त दहा नद्या' असं म्हटलं जाई. हजार ही संख्या मोठी आहे, पण समुद्राच्या मानाने आवाक्यातली.

पद्धती निरनिराळ्या आहेत. अमेरिकेत बाल्टिमोरला २०१४ पासून 'मिस्टर ट्रॅश व्हील' नावाचं पाणचक्कीसारखं यंत्र आहे. प्रवाहाच्या आणि सौर ऊर्जेच्या जोरावर ते कचरा उचलून पट्ट्यावरून डब्यात टाकतं. त्याला भलेमोठे डोळे लावले आहेत आणि लोक त्याला भेटायला जातात. ॲमस्टरडॅमच्या एका कालव्यात २०१९ पासून तळाशी भोकं पाडलेली नळी टाकून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा केला आहे. कचरा बाजूला ढकलला जातो. मासे आणि बोटी निघून जातात. सगळ्यांत साधा उपाय म्हणजे तरंगता दोरखंडी अडथळा आणि रोज तो रिकामा करणारी माणसं.

हे अडथळे फसतात ते बहुधा या 'रोज' शब्दापाशी. उद्घाटनाला निधी मिळतो, रिकामं करण्याला मिळत नाही. पहिल्या मोठ्या पावसात सगळ्यांत जास्त कचरा येतो आणि भरलेला अडथळा नेमका तेव्हाच तुटतो. लावण्याआधी विचारायचे प्रश्न दोन: पुराच्या वेळी हा कोण उघडणार, आणि निघालेला ओला कचरा कुठे जाणार?

७. आम्ही किनारा साफ केला, पुढच्या भरतीला पुन्हा तेवढाच कचरा. याचा उपयोग काय?

हा प्रश्न सफाईनंतरच्या आठवड्यात हमखास येतो, आणि तो रास्त आहे. दक्षिण पॅसिफिकमध्ये हेंडरसन नावाचं निर्मनुष्य बेट आहे. तिथे २०१७ मध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख तुकडे असल्याचा अंदाज निघाला, त्यातले बरेचसे वाळूखाली गाडलेले, आणि रोज नवे येतच होते. तिथे टाकणारं कुणी नाही, तरीही. नाला तसाच ठेवून फक्त किनारा झाडणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पण उपयोग आहे, तो वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. प्लास्टिक सगळ्यांत झपाट्याने तुटतं ते किनाऱ्यावर: ऊन थेट, वाळू तापलेली, लाटांचं घासणं सतत. म्हणून अख्खी वस्तू इथेच उचलली तर तिचे तुकडे होणं टळतं. दुसरं म्हणजे मोजणी. १९८६ पासून चाललेल्या आंतरराष्ट्रीय किनारा-सफाईत स्वयंसेवक वस्तू मोजून लिहून ठेवतात. सिगारेटची थोटकं वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर राहिली, हे त्यातूनच कळलं. थोटकातला तो 'कापूस' म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, प्लास्टिकच. कुठल्या किनाऱ्यावर काय जास्त, याची यादी हातात असली की बंदी, अनामत रक्कम, कचरापेटी यातलं काय लागू पडेल ते सांगता येतं. 'दोन टन कचरा काढला' या बातमीपेक्षा ती यादी जास्त कामाची. सफाई करा, पण मोजल्याशिवाय पोतं बांधू नका.

८. माणसांऐवजी यंत्राने वाळू चाळून घेतली तर लवकर होईल ना?

लवकर होईल, आणि किनारा ओकाबोका होईल. भरतीरेषेवर साठलेलं समुद्री शेवाळ म्हणजे घाण नव्हे. त्यात वाळूतले उडते किडे राहतात, त्यांच्यावर पक्षी जगतात आणि त्या ओळीमुळे वाळूही धरून राहते. यंत्र शेवाळासकट सगळं उचलतं. कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यावर हंगामात यंत्र नेऊच नये. एखाद्या वादळानंतर ढीगच्या ढीग आले असतील तर अपवाद करता येतो, पण तोही आधी माणसं चालवून, जागा पाहून.

९. सफाईला येताना काय आणायचं, आणि कशाला हात लावायचा नाही?

जाड हातमोजे, बंद बूट, पाणी, टोपी आणि पुन्हा वापरता येणारी पोती. प्लास्टिकच्या नव्या पिशव्यांत प्लास्टिक गोळा करण्याचा विनोद टाळावा. ओहोटीच्या वेळा पाहून या.

सुया, इंजेक्शनं, लेबल नसलेले ड्रम, जहाजावरचे संकटकाळी पेटवायचे दिवे, मेलेले प्राणी: हे जिथे असेल तिथे खूण करून प्रमुखाला सांगा. फॉस्फरसचे तुकडे पिवळसर दगडासारखे दिसतात आणि वाळले की पेटतात, त्यामुळे अनोळखी 'सुंदर दगड' खिशात टाकू नका. लहान मुलांना काचा आणि खडकांपासून दूर, मोजणीच्या कामाला बसवावं. ती मोठ्यांपेक्षा चोख मोजतात.

१०. खडकात अडकलेलं जाळं सापडलं. ओढून काढू का?

ओढू नका. जाळं खडकावर किंवा प्रवाळावर काही महिने राहिलं की त्यावर जीव वाढतात. ओढलं तर प्रवाळासकट येतं. कात्रीने किंवा सुरीने सुटे भाग कापत जायचं आणि घट्ट रुतलेला भाग राहू द्यायचा. पाण्याखालचं जाळं हे प्रशिक्षित पाणबुड्यांचं काम आहे. जाळं माणसालाही अडकवतं, आणि पाण्याखाली सुटायला वेळ मोजका असतो.

जाळ्यात जिवंत कासव असेल तर स्थानिक वन्यजीव बचाव पथकाला कळवा, तोवर त्याच्यावर ओलं कापड टाकून सावली करा. मानेला किंवा पायाला आवळलेला दोर घाईने तोडून त्याला पाण्यात सोडू नये. आत जखम असते आणि ते वाचल्यासारखं फक्त दिसतं.

एका मोठ्या अभ्यासानुसार जगभर वापरात असलेल्या मासेमारीच्या साहित्यापैकी जवळपास दोन टक्के दरवर्षी समुद्रात हरवतं. कोळ्यांना खलनायक ठरवून हे सुटत नाही, कारण जाळं हरवणं हे त्यांचंच नुकसान. बंदरावर जुनं जाळं फुकट आणि विनाचौकशी जमा करता येत असेल, तर ते समुद्रात जात नाही.

११. गोळा केलेलं प्लास्टिक रिसायकल होतं ना? की आमच्या पाठीमागे कचराडेपोत जातं?

खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं डेपोतच जातं, आणि ते लपवण्यासारखं नाही.

रिसायकलिंग म्हणजे काय ते आधी पाहू. प्रकारानुसार निवडणं, चुरा करणं, गरम पाण्याने धुणं, वितळवून गाळणं आणि पुन्हा दाणा पाडणं. निवडायची एक युक्ती पाण्याची आहे. पॉलिप्रोपिलिन आणि पॉलिइथिलिन पाण्याहून हलकं म्हणून तरंगतं, पेट, पीव्हीसी आणि नायलॉन बुडतं. झाकणाचा चुरा वर आणि बाटलीचा चुरा खाली, असं एकाच टाकीत वेगळं होतं. (समुद्रातही हेच होतं. झाकण लावलेली रिकामी बाटली आतल्या हवेवर तरंगते. झाकण गेलं, पाणी शिरलं की पेट तळाला जातं.)

आता समुद्रातून आलेला माल घ्या. उन्हाने त्यातल्या लांब साखळ्या तुटलेल्या असतात, म्हणून तो ठिसूळ. त्यावर शेवाळाचा थर, आत वाळू, सगळीकडे मीठ. वाळू यंत्राची पाती खाते, मिठातलं क्लोरीन तापलं की यंत्र गंजवतं. रंग उडाल्याने कुठला प्रकार हे ओळखता येत नाही, आणि पेटच्या घाण्यात पीव्हीसीचे थोडेसे तुकडे गेले तरी त्या उष्णतेला ते जळून सगळा घाणा पिवळा पाडतात. घरातून सुका आणि वेगळा आलेला माल शेजारी उपलब्ध असताना कुठलाही कारखानदार हा माल घ्यायला नाखूश असतो. यात त्याची लबाडी नाही.

जे जातं ते असं: ताज्या पेट बाटल्या, जाड डबे आणि कॅन, पॉलिप्रोपिलिनचे दोर, आणि नायलॉन-६ ची जाळी. या शेवटच्याचं भाग्य मोठं. नायलॉन-६ रासायनिक पद्धतीने मूळ घटकापर्यंत, कॅप्रोलॅक्टमपर्यंत, उलटं नेता येतं आणि त्यातून नव्याच्या तोडीचा धागा निघतो. स्लोव्हेनियात २०११ पासून असा कारखाना चालू आहे. बहुथरी पाकिटं, थर्माकोल, फुगे, चपला, ठिसूळ तुकडे: यांना बंदिस्त डेपो हाच आजचा प्रामाणिक शेवट. समुद्रापेक्षा तो बरा.

जगाचं चित्रही असंच आहे. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ मध्ये जगात ३५ कोटी ३० लाख टन प्लास्टिक कचरा झाला. त्यातलं फक्त ९ टक्के रिसायकल झालं आणि २२ टक्के नीट हाताळलंच गेलं नाही. त्या २२ टक्क्यांत समुद्राचा प्रश्न आहे. तो कचरा जिथे निर्माण होतो तिथेच, मीठ-वाळू लागायच्या आत उचलला गेला, तर त्याची किंमत येते. म्हणून कचरावेचकांना चांगला भाव आणि नियमित उचल मिळणं, याला आम्ही समुद्रसफाईच म्हणतो.

१२. वस्तूवर त्रिकोणात आकडा असला म्हणजे ती रिसायकल होते ना?

नाही. १ ते ७ हे आकडे प्लास्टिकचा प्रकार सांगतात, एवढंच. १ पेट, २ घट्ट पॉलिइथिलिन, ३ पीव्हीसी, ४ पातळ पॉलिइथिलिन, ५ पॉलिप्रोपिलिन, ६ पॉलिस्टायरिन, ७ इतर सगळं. १ आणि २ ला बहुतेक ठिकाणी गिऱ्हाईक असतं, ५ ला हल्ली मिळतं. ७ ला जवळपास नाही.

१३. 'समुद्रातल्या प्लास्टिकपासून बनवलेलं' असं लिहिलेल्या वस्तू घ्याव्यात का?

लेबल बारकाईने वाचा. 'समुद्राकडे जाऊ शकणारं प्लास्टिक' आणि 'समुद्रातून काढलेलं प्लास्टिक' यांत फरक आहे. पहिल्याचा अर्थ सहसा एवढाच की ते किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात, नीट कचरा-व्यवस्था नसलेल्या जागी गोळा केलं. ते पाण्यात पडलं असतं किंवा नसतंही. काम म्हणून ते चांगलंच आहे, कदाचित जास्त चांगलं (प्रश्न ११), पण जाहिरातीत लाट आणि कासव दाखवून दुसऱ्याचा भास निर्माण केला जातो.

विकणाऱ्याला विचारा: वस्तूच्या किती टक्के? कुठे गोळा केलं? कुणी तपासलं? शिवाय बाटल्यांपासून कपडा होतो तेव्हा बाटलीचं वर्तुळ तुटतं. बाटलीची पुन्हा बाटली अनेकदा होऊ शकते. कपड्याची पुन्हा बाटली सहसा होत नाही, आणि धुताना तो धागे सोडतो.

१४. मायक्रोप्लास्टिक समुद्रातून गाळून काढता येईल का?

मोठ्या प्रमाणावर नाही. त्याच आकाराचे प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणारे सूक्ष्म जीव, त्याच पाण्यात असतात. गाळणी दोघांत फरक करत नाही, आणि प्लवक काढून घेणं म्हणजे समुद्राच्या अन्नसाखळीचा पायाच काढणं. म्हणून मोठ्या वस्तू लहान होण्याआधी उचलायच्या, आणि जे जन्मतःच लहान असतं ते उगमाशी अडवायचं. २०१७ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघटनेने काढलेल्या अंदाजात अशा 'जन्मतः लहान' प्लास्टिकपैकी ३५ टक्के कृत्रिम कपड्यांच्या धुण्यातून आणि २८ टक्के टायरच्या झिजण्यातून येतं, असं होतं. वॉशिंग मशीनला गाळणी बसते. टायरवर असा सोपा उपाय अजून नाही.

१५. वाळूत बारीक पांढरे मणी सापडले. ते काय?

बहुधा कच्च्या प्लास्टिकचे दाणे, ज्यांपासून पुढे सगळ्या वस्तू बनतात. २ ते ५ मिलिमीटरचे, गुळगुळीत. मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ 'एक्स-प्रेस पर्ल' जहाजाला आग लागली तेव्हा दीड हजार टनांहून जास्त दाणे समुद्रात सांडले. माशांच्या अंड्यांसारखे दिसत असल्याने ते पक्षी आणि मासे गिळतात, शिवाय पाण्यातली विषारी रसायनं त्यांच्या पृष्ठभागावर चिकटतात. हातमोजे घालूनच गोळा करा. वाळू वेगळी करायला बादलीभर समुद्राच्या पाण्यात ढवळा, दाणे वर येतील. एकाच दिवशी खूप सापडले तर जागा, वेळ आणि फोटो नोंदवून किनारा-प्रशासनाला कळवा, कारण गळती चालू असू शकते.

१६. बायोडिग्रेडेबल पिशव्या वापरल्या तर सगळा प्रश्नच मिटेल ना?

शब्दावर जाऊ नका. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहूनही सामान उचलू शकत होती. 'कंपोस्टेबल' लिहिलेली दुसरी पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती. पीएलएसारख्या, मक्यासारख्या पिकांपासून बनणाऱ्या प्लास्टिकला कुजायला औद्योगिक खतभट्टीची ६० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. समुद्र तेवढा गरम नसतो. वर हे पीएलए पेटच्या मालात मिसळलं तर तोही बिघडतो. 'ऑक्सो-डिग्रेडेबल' प्रकार फक्त लवकर तुकडे होतो. युरोपीय संघाने त्यावर २०२१ पासून बंदी घातली आहे.

१७. प्लास्टिक खाणारे जीवाणू सापडलेत म्हणे. ते समुद्रात सोडले तर?

२०१६ मध्ये जपानच्या साकाई शहरात पेट खाणारा जीवाणू सापडला, हे खरं आहे. प्रयोगशाळेत, ३० अंशांवर, त्याने पातळ आणि मऊ पेटचा पापुद्रा सुमारे सहा आठवड्यांत संपवला. तो पॉलिइथिलिन किंवा पॉलिप्रोपिलिन खात नाही, आणि तरंगतं ते नेमकं हेच. त्याच्या विकरांचा (एन्झाइमांचा) खरा उपयोग कारखान्याच्या टाकीत, निवडून आणलेल्या पेटवर आहे. मोकळ्या समुद्रात सोडलेला जीवाणू कामाला लागला तर बोटींचे दोर, तरंगते सापळे आणि केबलींची आवरणं त्याला वगळायला सांगणार कोण?

१८. मग जाळून वीज का नाही करत?

न रिसायकल होणाऱ्या मालासाठी हा पर्याय काही देश वापरतात. नियंत्रित भट्टी आणि धूर साफ करण्याची यंत्रणा असेल तर चालतो, कार्बन मात्र बाहेर पडतोच. प्लास्टिकपासून तेल काढण्याच्या प्रकल्पांना समुद्रातला माल चालत नाही, त्याचं कारण तेच मीठ (प्रश्न ११). किनाऱ्यावर ढीग करून पेटवणं कधीही नको. पीव्हीसी जळताना विषारी वायू निघतात आणि राख पुढच्या भरतीला पाण्यात जाते.

१९. जगभराचा एखादा कायदा नाही का यावर?

तुकड्यातुकड्यांनी आहे. 'मार्पोल'चा उल्लेख प्रश्न १ मध्ये आला. धोकादायक कचऱ्याच्या देशादेशांतल्या ने-आणीवरच्या बाझल करारात केलेल्या बदलांमुळे १ जानेवारी २०२१ पासून घाणेरडा, मिसळलेला प्लास्टिक कचरा दुसऱ्या देशात पाठवण्याआधी त्या देशाची संमती घ्यावी लागते. संपूर्ण प्लास्टिकवर एकच करार करायचं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत मार्च २०२२ मध्ये ठरलं. डिसेंबर २०२४ मध्ये बुसानला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाला वाटाघाटी विनाकरार संपल्या. अडतंय ते मुख्यतः एका मुद्द्यावर: उत्पादनालाच मर्यादा घालायची, की फक्त कचऱ्याची व्यवस्था सुधारायची.

२०. बाटलीवर शिंपले आणि खेकडे वाढलेले आहेत. तरीही उचलायची का? ते मरतील ना?

दोन गोष्टी तपासा. खेकडा, छोटा मासा असे सुटे, इथलेच जीव असतील तर ते झटकून पाण्यात सोडा, मग बाटली उचला. खडकात वर्षानुवर्षं रुतून वस्तीच झाली असेल तर प्रश्न १० मधला नियम: राहू द्या.

पण बाटली, गोळा किंवा लाकडाला बांधलेला डबा दूरवरून वाहत आल्यासारखा वाटत असेल, म्हणजे अनोळखी लिपी, देठांवर लोंबणाऱ्या शिंपल्यांचे जाड झुपके, तर त्यावरचं काहीही पाण्यात परत टाकू नका. जपानच्या २०११ च्या त्सुनामीनंतर वाहून गेलेल्या वस्तूंवर बसून २८९ प्रकारचे जिवंत जीव उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचल्याचं शास्त्रज्ञांनी नोंदवलं. परका जीव नव्या किनाऱ्यावर रुजला तर काढणं जवळजवळ अशक्य असतं. अशी वस्तू भरतीरेषेच्या वर, उन्हात ठेवा, सगळ्या बाजूंनी फोटो काढा, लिपी आणि तारीख टिपा आणि जवळच्या सागरी संशोधन केंद्राला पाठवा. त्यांनी नको म्हटलं, की मग ती पोत्यात जाईल, आणि मोजणीच्या कागदावर 'इतर' या रकान्यात.